मंडळाचे नाव कुठपर्यंत जाते

कबड्डीच्या जिल्हा निवड चाचणीच्या दिवशी मैदानावर सगळ्यांत आधी येतो तो वजनकाटा. मॅट अजून अंथरायची असते, मंडपवाल्याचे खांब निम्मेच उभे असतात. पण कुमार गटातली पोरे अनवाणी, नुसत्या चड्डीवर काट्यापुढे रांगेत उभी असतात. मर्यादा 70 किलोंची. कुणी रात्रीपासून पाण्याचा घोट घेतलेला नसतो, कुणी पहाटे अंगात दोन स्वेटर चढवून धावून आलेला असतो. शेजारच्या टेबलावर जन्मदाखला, आधार कार्ड आणि मंडळाचे पत्र. पत्राच्या डोक्यावर मंडळाचे नाव, खाली स्थापनेचे साल, कोपऱ्यात बहुतेक वेळा मारुती नाहीतर शिवराय.

गुणलेखकाच्या टेबलावर बसून मी अशी पुष्कळ पत्रे हाताळली आहेत. या स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायला सांगितले, तेव्हा पहिल्यांदा ही पत्रेच डोळ्यांपुढे आली. पदाधिकाऱ्यांच्या नावांनी आणि कार्यकाळांनीही इतिहास लिहिता येतो. पण साताऱ्यात आणि सांगलीत कबड्डी ज्या गोष्टीवर उभी राहिली ती गोष्ट म्हणजे निवड चाचणी. दरवर्षी भरणारी, मंडळाला मंडळाशी भिडवणारी आणि त्यातून बारा जण वेचून पुढे पाठवणारी ही स्पर्धा हीच माझ्या लेखी आपली संस्था आहे, आणि मी तिचाच इतिहास सांगणार आहे.

तो साताऱ्यातूनच सुरू करावा लागतो. हुतूतू गावोगाव होता, पण गाव बदलले की नियम बदलत. कुठे बाद झालेला गडी परत जिवंत होई, कुठे तो डाव संपेपर्यंत बाहेर बसे, कुठे बाद होऊनही आत राहून खेळत राही. संजीवनी, गामिनी आणि अमर अशी या प्रकारांची नावे आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. कुणी किती गडी घ्यायचे, रेषा किती लांब, दम कुठे तुटला हे कुणी ठरवायचे, यावरून खेळाआधी भांडण ठरलेले. 1918 च्या सुमाराला साताऱ्यातल्या काही क्रीडाप्रेमींनी हे नियम एकत्र बांधायला घेतले. पुढे 1923 मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने सुधारलेले नियम छापले आणि त्यावर अखिल भारतीय स्पर्धा भरवली. आपल्याकडे या गोष्टीचा अभिमान सांगितला जातो तो ‘नियम आम्ही दिले’ एवढ्यापुरता. मला त्यातली दुसरी बाजू मोठी वाटते. नियम एक झाले म्हणून एका गावाचा संघ दुसऱ्या गावात जाऊन खेळू शकला, हरजीत दोघांनाही मान्य झाली, आणि हरजीत मान्य झाली म्हणून निवड शक्य झाली. निवड चाचणीचे बीज त्या नियमांत आहे.

साताऱ्यातले क्रीडाप्रेमी असे म्हणताना आजच्या नकाशातला सातारा डोळ्यांपुढे आणून चालणार नाही. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात तासगाव होते, खानापूर होते, वाळवा आणि शिराळा होते. सांगली, मिरज, जत ही संस्थाने वेगळी. 1 ऑगस्ट 1949 रोजी ही संस्थाने आणि साताऱ्याचे हे दक्षिणेकडचे भाग एकत्र करून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि 21 नोव्हेंबर 1960 पासून त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे कऱ्हाडचा चढाईपटू आणि इस्लामपूरचा कोपरारक्षक आधी एकाच जिल्ह्याचे होते, मग ते दोन जिल्ह्यांचे झाले. सोयरीक तीच, ऊस तोच, कृष्णा तीच. निवड चाचण्या मात्र दोन. आजही राज्य स्पर्धेत सातारा आणि सांगली समोरासमोर आले की प्रेक्षकांत मामा एका बाजूला आणि भाचा दुसऱ्या बाजूला बसलेला सापडतो. म्हणूनच या लेखात दोन्ही जिल्ह्यांचा इतिहास मी वेगळा काढलेला नाही.

मंडळे कशी उभी राहिली हे आता सांगणारे थोडे उरले. तालीम जुनी होतीच. तालमीपुढच्या अंगणात हुतूतूचे मैदान आखले गेले. तालमीला वस्ताद लागतो, खुराक लागतो, घरात एक पोरगा कामातून सोडावा लागतो. हुतूतूला यातले काही लागत नाही. संध्याकाळी रानातून आलेला, हातपाय धुतलेला कुणीही रेषेच्या आत उभा राहू शकतो. म्हणून ज्यांना तालमीचा खर्च झेपत नव्हता त्या घरांतली पोरे इथे आली आणि मंडळ सगळ्या गावाचे झाले. गणपती, शिवजयंती, मैदान आखणे, पुराच्या वेळी पोती वाहणे, ही सगळी कामे मंडळाच्याच अंगावर. पावती पुस्तकही एकच असे.

दुसरा धागा मुंबईचा. सातारा जिल्ह्यातले हजारो लोक गिरण्यांत कामाला गेले आणि लालबाग-परळच्या चाळींत राहिले. गावचे मंडळ चाळीत गेले आणि चाळीतला खेळ सुट्टीत गावी आला. जत्रेला मुंबईकर विरुद्ध गावकर असा सामना नेमला की सबंध पंचक्रोशी लोटे. पायात पकड कशी घालायची, मध्यरेषेकडे पाठ करून कसे फिरायचे, हे पुष्कळ गावांनी अशा सामन्यांतून उचलले. यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. इथे एवढी नोंद पुरे.

खेळाची शिडी वरच्या बाजूनेही बांधली जात होती. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने जगापुढे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यात कबड्डी होती. 1938 मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत तिला जागा मिळाली. 1950 मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, 1952 मध्ये मद्रासला पुरुषांची आणि 1955 मध्ये कलकत्त्याला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. 1972 मध्ये आजचा राष्ट्रीय महासंघ आला. 1978 मध्ये भिलाईत आशियाई संघटना स्थापन झाली, 1980 मध्ये कलकत्त्याला पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीला पदक मिळू लागले. या सगळ्यामागे शंकरराव साळवी, आपले बुवा साळवी, यांनी किती वणवण केली ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांचा 15 जुलै हा जन्मदिवस आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. हुतूतू म्हणायचे की कबड्डी, या वादात न अडकता त्यांनी खेळ परदेशात नेला.

आता त्या शिडीची खालची पायरी, म्हणजे आपली चाचणी.

ती चालते कशी, हे मैदानाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. जिल्हा संघटनेकडे नोंद असलेली मंडळे आपापले संघ उतरवतात. किशोर गट 16 वर्षांखालचा आणि 55 किलोंचा, कुमार गट 20 वर्षांखालचा, आणि मग पुरुष व महिला. आधी गटवार साखळी, नंतर बाद फेरी. सात जण आत, पाच राखीव. पुरुषांना 13 बाय 10 मीटरचे मैदान, महिलांना 12 बाय 8 चे. पुरुषांचे वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. इथवर ही मंडळांची स्पर्धा असते आणि अंतिम सामना जिंकणारे मंडळ जिल्ह्याचे अजिंक्य ठरते. पण मैदानाच्या कडेला खुर्च्यांवर निवड समितीचे लोक वही घेऊन बसलेले असतात. त्यांचे लक्ष कुठले मंडळ जिंकते याकडे नसते. कुणाचा पाय निदान रेषेपर्यंत सहज जातो, कुणाची चवड्याची पकड सुटत नाही, तिसऱ्या चढाईला कुणाचा श्वास शाबूत आहे, हे ते पाहतात. स्पर्धा संपली की संभाव्य खेळाडूंची नावे वाचली जातात, सराव शिबिर होते, आणि त्यातून जिल्ह्याचा संघ राज्य अजिंक्यपद स्पर्धेला जातो. तिथे पुन्हा निवड समिती, राज्याचा संघ, राष्ट्रीय स्पर्धा, भारताचे शिबिर. वाट अशी आहे.

नावे वाचण्याचा तो क्षण मी अनेकदा पाहिला आहे. एका वर्षीचा विसरता येत नाही. दुष्काळी पट्ट्यातले एक मंडळ आले होते. राखीव धरून आठच गडी, सगळ्यांच्या बनियनवर मागे रंगाने हाताने काढलेले आकडे. त्यांनी उपांत्य फेरीत जिल्ह्यातल्या एका नावाजलेल्या संघावर दोन लोण चढवले. खरे तर ते सामना जिंकत होते तो डाव्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका बुटक्या पोरामुळे आणि त्याच्या शेजारच्या साखळीतल्या जोडीदारामुळे. दोघे एकमेकांकडे न बघता हात सोडत आणि धरत होते. अशी जोडी वर्षानुवर्षे एका मैदानावर खेळूनच तयार होते. संध्याकाळी नावे वाचली. त्या मंडळातून एकच नाव निघाले, त्यांच्या चढाईपटूचे. कोपऱ्यातला पोरगा उंचीने कमी पडला. त्या सात जणांनी त्या एकाला खांद्यावर घेतले, मैदानाला फेरी मारली आणि शेवटच्या एसटीसाठी ते पळत सुटले. निवड चुकली असे मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी जिंकला होता तो संघ, आणि पुढे गेला तो एक खेळाडू.

हे आपल्या रचनेतच आहे. जिल्ह्यापर्यंत मंडळ खेळते. जिल्ह्याच्या वर मंडळाला पायरी नाही. जिल्ह्याचे अजिंक्य मंडळ राज्य अजिंक्यपदाला मंडळ म्हणून जात नाही. त्याचे चार-पाच गडी जिल्ह्याच्या गणवेशात जातात. मोठी मंडळे आपल्या हिमतीवर राज्यस्तरीय निमंत्रित स्पर्धा भरवतात, वर्गणी गोळा करून हजारो प्रेक्षकांची सोय करतात, आणि तिथे मंडळाला मंडळ भेटते हे खरे. पण निमंत्रण हे निमंत्रण असते. जिंकून मिळवलेला हक्क वेगळा.

याच वाटेने आपली पोरे वर गेली, आणि अभिमानाने गेली. वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग अडके आणि सांगलीचा नितीन मदने ही नावे आज घराघरांत आहेत. 2014 च्या इंचॉन आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणला 27-25 असे हरवले, त्या बारा जणांत मदने होता. दोन गुणांचा तो सामना दूरचित्रवाणीवर पाहताना कृष्णाकाठच्या किती मैदानांवर श्वास रोखले गेले असतील! 1990 पासून सलग सात सुवर्णपदके झाली. 2018 मध्ये जकार्त्याला इराणने उपांत्य फेरीत आपल्याला रोखले, आणि 2023 मध्ये हांगझोऊला सुवर्ण परत आले. हांगझोऊला महिलांनीही सुवर्ण आणले.

महिलांविषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण चाचणीच्या इतिहासात त्यांची पाने कमी भरली जातात. त्यांची राष्ट्रीय स्पर्धा 1955 पासून आहे, आशियाई क्रीडास्पर्धेत मात्र त्यांना 2010 च्या ग्वांगझूपर्यंत थांबावे लागले. आपल्या दोन जिल्ह्यांत मुलींचा संघ उभा राहतो तो बहुधा एखाद्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांच्या चिकाटीमुळे. दहावी-बारावीपर्यंत संघ बहरतो, मग एकेक मुलगी लग्न होऊन जाते आणि चार वर्षांत मंडळाच्या पत्रावरची सगळी नावे बदलतात. मुलगा नोकरीला मुंबईला गेला तरी जत्रेला येऊन गावाकडून खेळतो. मुलीला सासरच्या गावात मंडळ नसले की तिचा खेळ थांबतो. आपल्या मंडळांनी सुनांसाठी मैदान खुले केले, तर महिला गटातले संघ दुपटीने वाढतील, अशी माझी खात्री आहे. आजवर हे मनावर घेतले गेले नाही याची मला खंत आहे.

26 जुलै 2014 रोजी मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली. आठ संघ, शहरांची नावे, आणि खेळाडू लिलावातून. तिने आपल्या खेळाचे जे भले केले ते मी उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या आईबापांना पोराच्या गुडघ्याची काळजी होती ते स्वतः त्याला चाचणीला घेऊन येऊ लागले. मातीवर वाढलेल्या पोरांसाठी मंडळांनी मॅट घेतल्या, बूट आले, गुणफलकावर दिवे आले. 2024 मध्ये पुणेरी पलटणने अंतिम सामन्यात हरियाणाला 28-25 असे हरवून अजिंक्यपद मिळवले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने जल्लोष केला. त्याआधी 2018 च्या जानेवारीत हैदराबादला महाराष्ट्राने अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद परत आणले होते, त्यामागेही या लीगमुळे मिळालेला सराव होता असे मला वाटते. पण लिलावाच्या कागदावर खेळाडूच्या नावापुढे त्याची किंमत असते, राज्य असते. मंडळाचा रकाना तिथे नाही. जिल्ह्यापासून जे नाव मागे राहत आले होते ते इथे पुरतेच पुसले गेले.

असेच सगळीकडे असते का? नसते, आणि त्यासाठी मला एक लांबचे उदाहरण द्यावेसे वाटते. आफ्रिकेत बास्केटबॉलची खंडभराची लीग आहे. तिची घोषणा 2019 मध्ये झाली, साथीमुळे वर्षभर लांबून ती 16 मे 2021 रोजी रुवांडातल्या किगाली शहरात सुरू झाली आणि पहिले अजिंक्यपद इजिप्तच्या झामालेक क्लबने जिंकले. तिथे खेळाडू गोळा करून नवे संघ केले नाहीत. प्रत्येक देशातल्या लीगमध्ये जो क्लब जिंकतो तोच, आपल्या जुन्या नावाने आणि आपल्या गणवेशात, पुढे जातो. पहिल्या वर्षी बारापैकी सहा जागा अंगोला, इजिप्त, मोरोक्को, नायजेरिया, सेनेगल आणि ट्युनिशिया या देशांच्या विजेत्यांना थेट होत्या. उरलेल्या सहांसाठी इतर देशांच्या विजेत्या क्लबांनी पात्रता फेऱ्या खेळायच्या. आधी विभागवार गट, त्यातून सोळा क्लबांची शेवटची फेरी, आणि त्यातून मुख्य लीग. दक्षिण सुदान हा 2011 मध्ये स्वतंत्र झालेला, युद्धाने पोळलेला देश. तिथल्या जुबा शहराचा कोब्रा स्पोर्ट हा क्लब पात्रता फेऱ्या पार करून 2022 मध्ये मुख्य लीगमध्ये खेळला. मोझांबिकमधले बेइरा हे बंदराचे शहर 2019 च्या चक्रीवादळाने उद्ध्वस्त झाले होते. तिथला फेरोव्हियारियो क्लब 2023 मध्ये खंडाच्या लीगमध्ये दिसला. फेरोव्हियारियो म्हणजे रेल्वेवाले. मिरज जंक्शनच्या माणसाला हे नाव परके वाटणार नाही.

त्यांच्याकडे पैसा आपल्यापेक्षा फार आहे असेही नाही. मुख्य लीगच्या मागे मोठ्या संस्था आहेत, पण पात्रता फेरीला येणारे कित्येक क्लब आपल्या मंडळांसारखेच वर्गणीवर आणि गावच्या मदतीवर चालत असावेत. फरक एवढाच की त्यांच्या शिडीला क्लबासाठी पायऱ्या आहेत. आपल्या चाचणीतल्या त्या बुटक्या कोपरारक्षकाच्या आणि त्याच्या साखळीतल्या जोडीदाराच्या हातात हात अशा शिडीवर राहिला असता, कारण तिथे पुढे जातो तो सबंध संघ. आशियात कबड्डी खेळणारे देश आहेत: इराण, बांगलादेश, पाकिस्तान, दक्षिण कोरिया, थायलंड, नेपाळ. तिथेही क्लब आहेत. जिल्ह्याचे अजिंक्य मंडळ राज्याला, राज्याचे अजिंक्य मंडळ देशाला आणि देशाचे मंडळ आशियाला, अशी दुसरी वाट आपल्या संघटनांनी सध्याच्या वाटेला धक्का न लावता सुरू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवात सोपी आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या अजिंक्य मंडळांचा एक सामना दरवर्षी, एकदा कृष्णेच्या या अंगाला, एकदा त्या अंगाला, एवढ्याने होईल. दोन जिल्हे एक होते त्याची आठवणही त्यात राहील.

हा इतिहास लिहिताना मला सर्वांत जास्त अडले ते कागदांपाशी. जुन्या चाचण्यांच्या गुणपत्रिका फार थोड्या हाती लागल्या. काही मंडळांची दप्तरे 2005 च्या पुरात गेली, काही 2019 च्या ऑगस्टमध्ये, जेव्हा सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर चढले होते. एका मंडळाच्या जुन्या कार्यवाहांनी ओल्या वह्या उन्हात वाळत घातल्या, पण शाई उरली नव्हती. निवडलेल्या खेळाडूंची नावे वर्तमानपत्रांत सापडतात. ज्या मंडळाकडून ते खेळले त्याचे नाव बातमीत क्वचितच असते, आणि जे सात जण शेवटची एसटी पकडून परत गेले त्यांची नावे कुठेच नाहीत.

म्हणून मंडळांना हात जोडून विनंती आहे. पुढच्या निवड चाचणीला येताना प्रवेशपत्राबरोबर तुमच्याकडे असेल ते जुने घेऊन या: गुणपत्रिका, संघाची छायाचित्रे, पावती पुस्तके, ढालींवर कोरलेली साले, थकलेल्या खेळाडूंनी तोंडी सांगितलेल्या सामन्यांच्या नोंदी. छायाचित्रामागे डावीकडून उजवीकडे उभे असलेल्या सगळ्यांची नावे लिहा, राखीव गड्यांचीसुद्धा. वजनकाट्याशेजारी त्यासाठी एक वेगळे टेबल मांडलेले असेल. तिथे मी बसेन.